347 मध्ये एकूण दशक किती?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

तिसरीच्या वर्गात फळ्यावर 347 लिहून 4 ची स्थानिक किंमत विचारली की 'चाळीस' असे उत्तर लगेच येते. मग विचारावे, या संख्येत एकूण दशक किती? बहुतेक मुले 'चार' म्हणतात. 'चौतीस' म्हणणारे एखादेच.

पहिले उत्तर घर पाहून देता येते. दुसऱ्यासाठी शतक सुटे करता यावे लागते (3 शतकांचे 30 दशक, त्यात हे 4), आणि हातच्याच्या वजाबाकीत नेमके तेच हवे असते. 402 मधून 78 वजा करताना दशकाच्या घरात शून्य दिसले की वर्ग अडतो, तो इथेच.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरता व अंकज्ञान अभियानाची संख्याज्ञानाची उद्दिष्टे पहिलीला 99, दुसरीला 999 आणि तिसरीला 9999 पर्यंतची आहेत. कागदावर दरवर्षी एकच अंक वाढतो. पण दोन अंकी संख्या 90, तीन अंकी 900 आणि चार अंकी 9000! 99 काड्यांत एक काडी घाला: दहा सुट्यांचा गठ्ठा होतो, त्या गठ्ठ्याने दहा गठ्ठे पुरे होतात, म्हणून लगेच शेकडाही बांधावा लागतो. एका काडीने दोनदा बांधाबांध. हे हाताने केले नसेल, तर 'एकशे पाच' ऐकून मूल 1005 लिहिते. आधी शंभर, मग पाच. त्याच्या कानाला ते बरोबरच आहे.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' आले तेव्हा राज्यभर वाद झाला, विनोदही झाले. संख्या कशी म्हणावी यावर सगळे बोलले. गठ्ठा कोणी बांधायचा, हे मात्र कोणी विचारले नाही.

मागणी छोटी आहे. निपुणच्या चाचण्यांत स्थानिक किमतीसोबत 'एकूण दशक किती' हा प्रश्नही असावा. जे तपासले जाते तेच शिकवले जाते, हे आपल्या खात्याला सांगायला नको. आणि पहिली-दुसरीला दशकाचे तयार दांडे देण्याआधी सुट्या काड्या व रबर द्यावेत. तयार दांडा सुटा करून त्याचे दहा एकक करता येत नाहीत. खराट्याच्या काड्या चालतील, त्यासाठी निविदा काढायची गरज नाही.

यात वेळ जाईल. त्यापायी 9999 तिसरीच्या दुसऱ्या सत्रात गेले, तर शिक्षकांना त्याचा जाब विचारू नये, एवढे लेखी कळवावे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका