बारावी रेषा आणि ‘बोटाने दाबून बघा’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोलून फोन ठेवला. आता लेखीच घ्या.

तुमच्याकडून सहा तारांची लॅप स्टील, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार, बनवून घेतली. ३२,००० रुपये, पाच महिने. स्केल, म्हणजे नटपासून (तारा सुरू होतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांचं दुसरं टोक) तारेची लांबी, साडेबावीस इंच, हे ऑर्डरच्या कागदावर तुमच्याच अक्षरात आहे. सुरांच्या खुणांपैकी बारावी रेषा तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे नटपासून सव्वाअकरा इंचांवर हवी. ती आहे पावणेतेरा इंचांवर. साडेपंचवीस इंची इलेक्ट्रिक गिटारचा साचा तसाच उचलून ठेवलाय, हे मला दहा रुपयांच्या टेपने कळलं. तुम्हाला फोटो पाठवूनही कळेना. बाराव्या रेषेवर स्टीलचा बार ठेवला की तार सा लागायला हवा. लागतं काय, तर रे आणि कोमल ग यांच्या अधेमधे काहीतरी.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, “सर, बोटाने जोरात दाबून बघा.”

मी म्हटलं, ही मांडीवर आडवी ठेवून स्टील बारने वाजवतात. दाबायची नसते.

“हो सर, पण दाबली का?”

पुढे म्हणाला, तारा फारच उंच दिसतायत, पाठवून द्या, नट कापून देतो. अहो, बारने वाजवायला तारा उंचच लागतात! मग म्हणाला, ट्यूनरचं ॲप बदलून बघा. आणि शेवटी, अगदी मायेने, “सर, किती महिने झाले शिकायला लागून?”

ऑर्केस्ट्रात २२ वर्षं हवाईयन गिटार वाजवलीय हो मी. महिने तुम्हीच मोजा. मोजमापात तुमचा हात कसा आहे ते दिसलंच आहे.

शिवाय ब्रिजची अर्थिंगची तार जोडलेलीच नाही. तारांवर हात ठेवला तरी घूं चालूच. जॅकला बोट लावलं की थांबते. तो सोल्डरचा डाग मी घरी मारून घेईन. पण रेषांचं काय? मी मिरजेचा. आमच्याकडे सतारीचा पडदा चुकला तर दोरा सैल करून सरकवतात. तुम्ही पितळी पट्ट्या लाकडात बसवून टाकल्यात. फ्रेट नसलेल्या वाद्यात डोळ्याला आधार त्या रेषांचाच, आणि बारावी पावणेतेरावर!

‘हाताने घडवलेलं वाद्य’ असं तुम्ही खोक्यावर छापता. हात दिसला, टेप धरलेला दिसला नाही. गावातल्या दोन पोरांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं, त्यांना आता काय तोंड दाखवू?

फिंगरबोर्ड (रेषांची ती फळी) साडेबावीसच्या मापाने नवा बसवा, नाहीतर पैसे परत करा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. टेप सोबत नेईन.

एक त्रस्त ग्राहक, मिरज

ता. क. : वाद्य तुमच्याकडे आलं तर कृपा करून नट कापू नका.