पेंग्विनचे ‘उपयोग’ काय लिहायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या माहितीपर लेखनावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. मुले निरीक्षण करत नाहीत, गाइडमधून उतरवून काढतात, असा त्याचा सूर आहे. पण जे मूल खरोखर बघून लिहिते त्याच्या वहीचे काय होते, ते लेखात कुठेच आले नाही.

माझी नात चौथीत आहे. पेंग्विनची माहिती लिहायची होती, म्हणून तिला राणीच्या बागेत नेले. ती काचेला नाक लावून उभी राहिली, हलेचना. घरी आल्यावर तिने लिहिले की हा पक्षी पाण्यात पंखांनी पोहतो, छातीवर एक काळा पट्टा असतो, चोचीच्या मुळाशी कातडी गुलाबी असते. हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, २०१६ साली मुंबईत आले, ते मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नाहीत. सगळे बरोबर. वही परत आली तेव्हा शेवटच्या वाक्यावर लाल फुली होती, वर ‘अंटार्क्टिका’ असे लिहिलेले, आणि ‘उपयोग लिहिले नाहीत’ म्हणून गुण कापलेले.

मी शाळेत जाऊन बाईंना भेटले. किनाऱ्यालगत थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यात मासे भरपूर, म्हणून हा पक्षी तिथे राहतो. गॅलापागोसचे पेंग्विन तर विषुववृत्तावर राहतात, हे सांगितले. बाई म्हणाल्या, “गाइडमध्ये तसं नाही ना, आजी.” बाई वाईट नाहीत. वर्गात मुले खच्चून भरलेली आणि तपासायला वह्यांचा ढीग. पण वर्णन, अन्न, निवारा, उपयोग हा साचा गाईच्या निबंधासाठी बनला आणि तोच पेंग्विनपासून पालीपर्यंत सगळ्यांना लावला जातो. पेंग्विनचा माणसाला काय उपयोग, हे नऊ वर्षांच्या मुलीने कुठून शोधून आणायचे? त्यापेक्षा ‘हे तुला कसे कळले?’ एवढे एकच विचारले असते, तर तिने पाहिलेले काय आणि वाचलेले काय, हे तिचे तिलाच वेगळे करता आले असते. या वयात शिकवायचे ते हेच, असे मला मनापासून वाटते.

जाता जाता तुमच्याबद्दलही. मुलांना वर्तमानपत्र वाचायला आम्हीच सांगतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कलगत एखाद्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या नुसता चालताना दिसला, तरी तुमच्याकडे ‘बिबट्याची दहशत’ असा मथळा येतो. भटकी कुत्री हे त्या भागातल्या बिबट्यांचे नेहमीचे भक्ष्य आहे, रात्री तो त्यांच्यामागे येतो, हे बातमीत एका ओळीतही नसते. निदान त्याने कोणाला इजा केली का, एवढे वनखात्याला विचारून मग मथळा द्यावा, ही विनंती.

आपली,
एक आजी, लालबाग