जहाज, कप्तान आणि आज्ञा

प्रिय मृणाल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. 'राज्यसंस्था नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळणार, मग अराज्यवादावर बोलायचं तरी काय?' असं लिहून तू मोकळी झालीस. राज्यसंस्थेचा हुकूम सोडायचा हक्कच नाकारणाऱ्या या विचाराच्या बाजूने मला मात्र बरंच बोलायचंय, तेव्हा पत्र लांबेल.

तुझा हा मात्स्यन्याय महाभारताच्या शांतिपर्वातही आहे. एकमेकांना गिळणारी माणसं शेवटी मनूकडे जातात, तू आमचा राजा हो म्हणतात आणि त्या बदल्यात जनावरांचा व सोन्याचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग द्यायचं कबूल करतात. एकमेकांच्या भीतीपोटी माणसं करार करून सत्ता उभी करतात, असं मांडणारा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ १६५१ सालचा. त्याच्या कितीतरी आधी भीती, करार आणि कर हे तिन्ही एका कथेत आलेले आहेत. पण त्याच शांतिपर्वात, काही अध्याय आधी, भीष्म युधिष्ठिराला असाही काळ सांगतो की राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता, दंड देणाराही नव्हता आणि लोक धर्मानेच एकमेकांचं रक्षण करत होते. पुढे त्यांना मोह पडला आणि ते बिघडलं, हेही तो सांगतो. तू फक्त माशांची गोष्ट उचललीस.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. राज्यसंस्था उपयोगी आहे का, हा एक प्रश्न. तिची आज्ञा, केवळ ती तिची आज्ञा आहे म्हणून, पाळायला मी बांधील आहे का, हा दुसरा. तू पहिल्याचं उत्तर देतेस आणि दुसरा निकालात काढतेस. अगं, शेजारीण अडीनडीला धावून येते म्हणून तिला मला हुकूम सोडायचा हक्क मिळतो का? उपकार मी मानीन, परतफेडही करीन. पण हुकूम?

यावर तू म्हणशील की आपण संमती दिलेली आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं असंच होतं: देशाच्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी मूक संमती झाली. १७४८ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने याचा जो समाचार घेतला, तो मला आजही बिनतोड वाटतो. एका माणसाला झोपेत उचलून जहाजावर आणलंय. जहाज सोडायचं तर समुद्रात उडी टाकून मरायचं. तो राहतो. म्हणून त्याने कप्तानाची सत्ता राजीखुशीने मान्य केली, असं म्हणायचं का? ज्याचं हातावर पोट आहे, ज्याला परकी भाषा येत नाही, अशा गरीब शेतकऱ्याला किंवा कारागिराला 'पटत नसेल तर देश सोड' म्हणणं हे तसंच आहे. ह्यूम स्वतः अराज्यवादी मुळीच नव्हता. सत्तेचा आधार करारात शोधू नका, तिच्या उपयोगात शोधा, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण संमतीचा दावा त्याने असा मोडला की पुढे तो कुणाला नीट उभा करता आलेला नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट पॉल वुल्फच्या अराज्यवादाची बाजू मांडणाऱ्या १९७० च्या छोट्या पुस्तकातही एक जहाज आहे, ते बुडणारं. कप्तान होड्या सोडायचा हुकूम देतो. सगळे ऐकतायत, मी गोंधळ घातला तर माणसं मरतील, म्हणून मीही तो सांगेल तसं करते. वुल्फ म्हणतो, यात तुम्ही आज्ञा पाळलेलीच नाही. परिस्थिती पाहून काय करायचं ते तुम्ही स्वतः ठरवलंत. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. खून करू नये हे मी दंडसंहितेवाचूनही जाणते. रस्त्याच्या एका बाजूने गाडी चालवते, कारण समोरून येणाराही तसंच करेल अशी मला खात्री आहे. कायद्यात आहे तेवढ्यासाठी करायचं असं यात किती उरतं? पुढे १९७९ मध्ये सिमन्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने संमती, कृतज्ञता, न्याय्य वाटा (सगळ्यांच्या कष्टाचा लाभ घेता, तर तुमचा वाटाही उचला) असे आधार एकेक करून तपासले आणि बहुतेक नागरिकांना बांधील ठरवायला यातला कुठलाच पुरत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याने कुणाला कायदे मोडायला सांगितलेलं नाही. कायदा पाळायचा की नाही, हे त्या त्या कायद्याच्या गुणावर ठरवा, एवढाच त्याचा अर्थ.

तू दिलेला स्पेनचा दाखला मी नाकारत नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अराज्यवादी कामगार संघटनेचे चौघे स्वतःच सरकारात मंत्री झाले. मला त्याचं वाईट वाटतं. पण त्यावरून युद्धात कुणाचं काय चालतं एवढंच कळतं. आज्ञा द्यायचा हक्क कुणाला आहे, ते त्यावरून ठरत नाही. आणि आधी राज्यसत्ता हाती घेऊ, मग ती आपोआप विरून जाईल असं म्हणणाऱ्या मार्क्सवाद्यांचं काय झालं, ते रशियाने दाखवलंच. तो इशारा रशियन अराज्यवादी बाकुनिन आधीच देत होता. १८७२ साली हेगच्या अधिवेशनात त्याला इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढलं, तेव्हा वाद याच मुद्द्यावर पेटलेला होता.

आता जे मला सगळ्यात जास्त छळतंय ते सांगते. रशियन अराज्यवादी क्रोपोटकिनच्या १९०२ च्या 'परस्पर साहाय्य' या पुस्तकात इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावरचा एक प्रसंग आहे, होडीतून गेलेल्या आणि वाचलेल्या एकाने सांगितलेला. हिमवादळ चालू, संत्र्यांनी लादलेलं एक लहान गलबत वाळूत रुतलंय, डोलकाठीला माणसं लटकलीयत. गाव किनाऱ्यावर उभं. जाणं वेडेपणाचं, हे सगळ्यांना कळतंय. एक तास जातो, दुसरा जातो. मग वाऱ्यातून आरोळ्या ऐकू आल्यासारखं वाटतं. त्या गलबतावर एक मुलगाही होता. एकाएकी सगळे म्हणतात, गेलंच पाहिजे. होडी दोनदा उलटते, एकजण बुडतो. कुणाचा हुकूम नव्हता, कुणाला शिक्षेची भीती नव्हती. हे वाचताना माझा अराज्यवादावरचा विश्वास दुणावतो.

पण प्रसंग सांगणाऱ्या त्या वाचलेल्या माणसाचं आणखी एक वाक्य आहे: आम्ही गेलो नसतो तर बायकांनी आम्हाला भेकड ठरवलं असतं. मृणाल, हीसुद्धा सक्तीच ना? गॉडविन या इंग्रज अराज्यवादी विचारवंताने १७९३ मध्ये तुरुंगाऐवजी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेवर भिस्त ठेवली होती. ती नजर माणसाला वाळीतही टाकते. कायद्याला निदान कलम असतं, अपील असतं. 'चार लोक काय म्हणतील' यावर अपील कुठे करायचं? क्रोपोटकिनचं उत्तर असं की करार मोकळा असेल, ज्याला नको त्याने बाहेर पडावं. पण बाहेर म्हणजे कुठे? ह्यूमचं जहाज इथे अराज्यवाद्यांनाही आडवं येतं. छोट्या समूहात जन्मलेल्या मुलीलाही झोपेतच जहाजावर आणलेलं असतं.

राज्यसंस्थेचा हक्क यामुळे सिद्ध होत नाही, हे माझं मत कायम आहे. फक्त 'आमच्यावर सक्ती नाही' असं म्हणण्याआधी गावानेही तितकाच जाब दिला पाहिजे, असं मला वाटू लागलंय.

पुढच्या पत्रात बहुमताबद्दल सविस्तर लिही. शंभरातल्या साठांनी ठरवलं म्हणून उरलेले चाळीस का बांधले जातात, हे तू एका ओळीत उरकलंस. मला ती ओळ पटलेली नाही.

तुझी,
वैशाली