टाईमपास नाही हो, पाचारण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रिटायर झालेल्यांनी वेळ कसा घालवावा यावर अख्खं पान होतं, बागकाम करा, हास्यक्लबात जा, सुडोकू सोडवा, जमलं तर चार ओळी कविता करा म्हणजे मेंदू तल्लख राहतो वगैरे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण ते "चार ओळी कविता" वाचून माझा चहा गार झाला, म्हणून हे पत्र.

मी मिरजेची. छत्तीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी नाईट ड्युटीत गेली. लिहिणं म्हणजे रजिस्टर. टेम्परेचर किती, युरीन किती, "पेशंट शांत झोपला". अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि तुमच्या पानावरचं सगळं करून बघितलं, बागकाम केलं, हास्यक्लबात पण गेले (तिथं मला हसू सोडून सगळं आलं), स्वेटर विणले जे पुण्यात नातवानं एकदाही घातले नाहीत. तीन वर्षं अशी गेली.

मग एका उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. आमच्याकडं उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते, प्रभूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचव्या उद्गारावर बोलणारे आजारी पडले होते, सिस्टर तुम्ही बोलाल का? पाचवा उद्गार म्हणजे "मला तहान लागली आहे". मी आधी नाहीच म्हटलं, मला भाषण कुठं येतं. पण फोन ठेवला आणि डोक्यातून ते वाक्य जाईना, कारण हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. ऑपरेशन झालेल्या माणसाला तोंडानं काही द्यायचं नसतं, आणि तो रात्रभर एकच मागतो, सिस्टर पाणी. शिव्या देतो, पाया पडतो, एकानं तर हातातली अंगठी काढून दिली होती एका घोटासाठी. आणि आपण काय करायचं, कापसाचा बोळा ओला करून ओठांवरनं फिरवायचा, बस. नळ दहा पावलांवर असतो.

रात्री दीड वाजता उठले आणि किराणाच्या यादीमागं भाषण लिहायला बसले, तर भाषण आलंच नाही. आली ती ओवी. माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची, सातारा जिल्ह्यातलं खेडं आमचं, पीठगिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या पण. चाळीस-पन्नास वर्षांत एकदाही आठवली नव्हती ती चाल, आणि त्या रात्री कागदावर हे आलं,

ज्यानं भरल्या नदी-विहिरी
तो तहानला दुपारी
बोळा घेऊन मी बिचारी
उभी दूर

सकाळपर्यंत सतरा झाल्या. उत्तम शुक्रवारी मी बोलले नाही, म्हटल्या. उपासना सुटल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, सलाम केला, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. पुढं कळलं की महिनाभर आधी त्यांची बायको तशीच पाणी मागत गेली होती. तेव्हापासून आज पाच वर्षं झाली, मी सहासष्टची आहे आणि ओव्यांच्या तीन वह्या भरल्यात. बायबलातल्या रूथवर आहेत, मार्था-मरियेवर आहेत, बेथेसदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसावर तर अख्खी लांबलचक कथा आहे, असले क्रॉनिक पेशंट मला चांगले माहीत आहेत ना.

आता मुद्दा. आमच्या मंडळीत एक शब्द आहे, पाचारण. म्हणजे देवानं नाव घेऊन बोलावणं. पण तो आम्ही वापरतो पाळकांपुरताच, फार तर मिशनऱ्यांपुरता. पेन्शनीतल्या बाईला पाचारण झालं म्हटलं की लोक हसतात. आमचे मिस्टरच म्हणाले, नोकरी गेली आणि कवी झाली. पण छंद आपण निवडतो हो, आणि कंटाळा आला की सोडतो. हे मी निवडलं नव्हतं. आणि सोडायचा प्रयत्नसुद्धा करून बघितलाय, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, नाही सुटलं.

आणि मी काही पहिली नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ मध्ये, तेव्हा तो साठी ओलांडून पुढं गेलेला होता. हजारो ओव्या, ओव्या बरं का! हे मला माहीत असायचं कारण म्हणजे आमच्याच एका वडीलधाऱ्यानं मला टोकलं होतं की ही जात्यावरची चाल देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) शोभत नाही, आपली गीतं आहेत की. घरी येऊन रडले आणि मग ग्रंथालयात गेले. चारशे वर्षांपूर्वी शोभत होती ती आज का शोभू नये?

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये साताऱ्याला येऊन राहिले, तिथंच त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला आणि १९१९ ला ते गेले. मागं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्तचरित्राचं काव्य, अर्धवट. सुरुवातीचे दहाएक अध्याय त्यांचे, पुढचं जवळजवळ सगळं काव्य लक्ष्मीबाईंनी लिहिलं, ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिनं. नवरा गेला तेव्हा त्या पन्नाशीच्या, आणि त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे छापून यायला लागलं तेव्हा पासष्टी ओलांडलेली. कुणी त्यांना सांगितलं असेल का की बाई, मेंदू तल्लख राहील, लिहा?

त्यांच्या पासंगाला पण मी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचक पत्रातून कळवतील.

बाहेरचा अनुभव पण सांगते. आपल्याच भागातल्या एका कवी संमेलनाला मी ओव्या पाठवल्या होत्या. संयोजक फोनवर अगदी गोड बोलले, म्हणाले ताई छान आहेत पण हे धार्मिक आहे, मिशनवाल्यांचं. तिथं त्या वर्षी विठ्ठलावर चार जणांनी कविता म्हटल्या, मला त्यातली एक फार आवडली, खरंच. पण मग माझं तेवढं धार्मिक कसं? देवळात म्हणतात ही भजनी मंडळाची चाल, बाहेर म्हणतात हे मिशनचं, मधल्या मधे माझ्या आईचं जातं फिरतंय.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त धीर मिळाला सतारमेकर गल्लीत. सेकंडहँड तानपुरा घेतला होता, आवाज बसका, म्हणून तिथल्या एका चाचांकडं नेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्याच्या बातम्या तुम्ही छापल्याच होत्या, पण एकदा तिथं जाऊन जवारी काढताना बघा. तारेखालची घोडी किंचित घासायची, तार छेडून कान लावायचा, परत घासायची, दुपार गेली त्यात. मधे त्यांनी विचारलं, काय म्हणता यावर? मी बेथेसदाची ओवी म्हटली. चाचा म्हणाले, मग खर्ज अजून मोकळा पाहिजे, आणि परत घासायला बसले. धार्मिक आहे का, कुणाचं आहे, वय किती, काही नाही.

तर विनंत्या दोनच. एक, ज्येष्ठांच्या पानावरून "वेळ घालवणं" हा शब्द काढा, आमच्याकडं घालवायला वेळ उरलेला नाही. आणि दुसरी, तुमच्या रोजच्या अभंगाच्या चौकटीत महिन्यातून एखाद्या दिवशी टिळकांचा अभंग घ्या, ते मराठीच आहे. माझं छापायलाच पाहिजे असं नाही. तीन वह्यांपैकी एक सोबत पाठवतेय मात्र, झेरॉक्स आहे, परत नको.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, मिरज