शिक्षणमंत्री साहेब, तुमच्या रिकाम्या जागेवर मी फुकटात उभी होते

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी कळव्याला राहते, बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, इंग्रजी. इंटर्नशिप घणसोलीच्या बाजूला एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये केली. शाळेचं नाव लिहीत नाही कारण माझं सर्टिफिकेट अजून त्यांच्याच ड्रॉवरमध्ये आहे. काल ते आणायला गेले तर ऑफिसात सांगितलं की आधी दहावीच्या प्रिलिमचे इंग्रजीचे उरलेले गठ्ठे तपासून द्या, मार्क भरा, मग सही. मी म्हटलं सर, माझी इंटर्नशिप संपली. तर म्हणे, "मॅडम, मुलांचं नुकसान करायचंय का तुम्हाला?"

म्हणजे हे मला विचारायचं. जिला आजपर्यंत रिक्षाचे पैसेसुद्धा कुणी दिलेले नाहीत.

कॉलेजच्या ओरिएंटेशनला एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते, माईकवर म्हणाले की इंटर्नशिपच्या मुलांना निदान प्रवासभत्ता मिळावा असा विचार चालू आहे, दिवाळीपर्यंत काहीतरी होईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कॉलेजात विचारलं तर शाळेला विचारा, शाळेत विचारलं तर कॉलेजला विचारा. नंतर कळलं की बीएड येतं उच्च शिक्षणाकडे, सीईटी सेल, विद्यापीठ सगळं तिकडे, आणि शाळा तुमच्याकडे. म्हणजे सकाळी सातपासून मी तुमच्या खात्याची पोरं सांभाळणार आणि माझी फाईल दुसऱ्याच मंत्र्यांच्या टेबलावर. मस्त सोय आहे, दोघांनाही हात झटकता येतात.

सुरुवातीला फक्त निरीक्षण होतं. शेवटच्या बाकावर बसायचं आणि निरीक्षण वही भरायची, प्रस्तावना झाली का, हेतुकथन झालं का, फलकलेखन कसं होतं. इंग्रजीचे सर वाईट नाहीत हो, उलट चांगले आहेत, पण नववी दहावीच्या सगळ्या तुकड्यांना इंग्रजीला ते एकटेच. दुसरी पोस्ट रिकामी आहे, ती संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) अडकलीय की शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमध्ये हे शाळेत कुणालाच धड सांगता येत नाही. वर्गात साठच्या वर पोरं. सर एक ओळ वाचणार, तिचं मराठी सांगणार, की पुढची ओळ. पोरं मराठी तेवढं ऐकतात. कवितेचं अप्रिसिएशन मात्र सगळ्यांना पाठ, कवीचं नाव, र्‍हाईम स्कीम, थीम, घडाघडा बोलतात, कारण पेपरात त्याला मार्क आहेत. कविताच वाचून दाखव म्हटलं की मान खाली.

माझ्या शेजारी नववीतला एक मुलगा बसायचा, वडील माथाडी, गाव साताऱ्याकडे. त्याला बी आणि डी वेगळे ओळखता येत नव्हते. नववीत. आणि मोबाईलवर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिजे ते बटण बरोबर दाबतो, डाउनलोड, लोकेशन, सगळं आकारावरून ओळखतो. मी सरांना विचारलं, मागच्या पाचसहा जणांना घेऊन जिन्याजवळ बसू का. सर म्हणाले, "बसा मॅडम, उपकार होतील."

मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवून स्टेशनचे बोर्ड घेतले. प्रत्येक बोर्डावर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही असतं, म्हणजे उत्तर शेजारीच लिहिलेलं. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. घ साठी जी एच, ख साठी के एच, असं एकेक सापडत गेलं. नंतर बसवरच्या पाट्या, एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवरची नावं. एक दिवस त्याच मुलाने विचारलं, टीचर, ठाण्याचा टी एच आणि पुस्तकातल्या 'द'चा टी एच एकच कसा? साहेब, पाठाच्या टाचण वहीत लाल-निळ्या पेनने जेवढं काही मी दोन वर्षं लिहिलं ना, त्या सगळ्यापेक्षा हा प्रश्न मोठा होता. त्यांच्यातली दोघं तर धड्याचा एक परिच्छेद अडखळत का होईना पण स्वतः वाचायला लागली होती. तेही मी काही मोठी शिक्षिका आहे म्हणून नाही, वर्गात दोन माणसं होती म्हणून, एक फळ्याजवळ आणि एक मागे.

आणि नेमकं तेच तुम्ही मोडलंत.

आधी सरांना बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम होतंच, मग निवडणुकीची ऑर्डर आली. नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली मे २०२० मध्ये. पाच वर्षांच्या वर प्रशासक होते, तेव्हा कुणाला घाई नव्हती, आणि मतदान लागलं ते १५ जानेवारी २०२६ ला, दहावीच्या प्रिलिमच्या ऐन तोंडावर. सर ट्रेनिंगला, सर ड्युटीला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, मॅडम सगळ्या तुकड्या तुम्हीच बघा, आहातच तुम्ही. आहातच! झालं, जिन्याजवळचा गट बंद. सहा-सहा तास ओरडून घसा बसला, घरी आई म्हणते हळद-दूध घे, आणि मी तेच करत होते जे सर करत होते, एक ओळ वाच, मराठी सांग, पुढची ओळ. साठ पोरांत दुसरं होत नाही. पालकसभेत एका आईने विचारलं की दहावीच्या वर्षाला ट्रेनी बाई का दिल्या. बरोबरच विचारलं त्यांनी, पण उत्तर द्यायला स्टेजवर मीच उभी होते.

आता थोडा पैशाचा हिशोब. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, तुम्ही महिना १८ हजार देता, २०२३ मध्ये वाढवून, त्याआधी ८ हजारच होते. एनसीटीईच्या (बीएडचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या) नियमात इंटर्नशिप २० आठवडे, म्हणजे पाच महिने धरा, झाले ९० हजार. एकेका शाळेत आम्ही आठदहा जण. राज्यातली बीएड कॉलेजं तुम्हीच मोजा आणि तुम्हीच गुणा, माझा गुणाकार चुकत असेल, मी गणित मेथडची नाही, पण आकडा कोटींत जातो हे मलाही कळतं. एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार ठरवलेत. पदवीधर मीही आहे. मला मिळाला तक्त्यांचा खर्च, तोही माझ्याच खिशातून.

मागण्या फार नाहीत. रिकाम्या पोस्टच्या जागी इंटर्नला उभं करायचं नाही असा साधा जीआर काढा, प्रवासभत्ता द्या, आणि सर्टिफिकेट अडवून काम करून घेणाऱ्यांना कुणीतरी विचारा. जीआर काढायला तुम्हाला वेळ लागत नाही हे आम्ही बघितलंय. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणायला एप्रिलमध्ये एक काढलात, जूनमध्ये दुसरा, आणि २९ जूनला दोन्ही मागे. इथे पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन २५ वर्षं झाली, २००० सालची गोष्ट, आणि नववीतला मुलगा दुसऱ्या भाषेतच बी-डीला अडलाय, तिसरीवर भांडायला मात्र सगळे पक्ष रस्त्यावर. शिक्षणावर जीडीपीच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, २०२० च्या धोरणात परत तेच लिहिलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझी आई जन्माला पण आली नव्हती.

शेजारी विमानतळ सुरू झाला, चांगलंय, दिघा गाव स्टेशन बांधून तयार असताना उद्घाटनाची वाट बघत पडून होतं तेही आम्ही सोसलं. पण शाळेतली रिकामी पोस्ट भरायला कोण यायला पाहिजे फीत कापायला, सांगा. आता जनगणना येतेय, म्हणजे सर परत वर्गाबाहेर. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ मध्ये शिक्षकांना देता येणाऱ्या बाहेरच्या कामांत निवडणूक आणि जनगणना बसते, माहितीय मला, पेपरात लिहिलंय मी ते. सर बाहेर असताना वर्गात कोण, ते मात्र कुठल्याच कलमात सापडलं नाही.

शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी, टेट (TAIT), पहिली २०१७ मध्ये, दुसरी थेट २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. पुढची कधी ते विचारत नाही. ऐरोलीच्या एका क्लासवाल्यांनी मला बोलावलंय, सहावी ते दहावीचं इंग्रजी, बॅचला पंधरा मुलं, पैसे महिन्याच्या महिन्याला. बहुतेक जाईन. त्या क्लासची फी माथाड्याच्या मुलाला परवडत नाही, तेवढं तुमचे सल्लागार कुणी असतील तर त्यांना सांगून ठेवा.

आपली,
एक छात्रशिक्षिका, इंग्रजी मेथड
कळवा, ठाणे