कुठली लाइन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या एका वाचकाने पत्र लिहून 'लाइन' हा इंग्रजी शब्द टाकून द्यावा आणि सगळीकडे 'ओळ' म्हणावं, अशी सूचना केली आहे. मी ४० वर्षं टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी होतो. भाषेतलं फारसं कळत नाही, हिशेबातलं कळतं. एका 'लाइन'च्या बदल्यात एकच 'ओळ' घेतली तर खोट आपल्यालाच बसेल.

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ती लाइन, लाइट येते तीही लाइनच. रेशनला उभं राहतो ती लाइन. स्थळ बघताना 'मुलगा कुठल्या लाइनला आहे?' विचारतात तेव्हा त्याचा धंदा. रेल्वे लाइन्स ही तर आख्खी वस्ती. 'रेल्वे ओळी'त सोडा म्हटलं तर रिक्षावाला कुठे नेईल सांगता येत नाही. पोरं मारतात त्या लाइनबद्दल मी या वयात काय लिहू!

तरीही तक्रार आहेच. फेब्रुवारीत गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला, 'उद्या ८ ते ४ मेन लाइन बंद राहील.' कोपऱ्यावर पाइपासाठी रस्ता खणलेला होता, म्हणजे पाणीच असणार. रात्रीच ड्रम, घागरी, कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवलं. सकाळी बरोबर आठला लाइट गेली. मुलाचे आठ माग जागच्या जागी थांबले. कांड्या भरायला आलेल्या बाया चहा पिऊन तशाच बसल्या. आधी कळलं असतं तर सुट्टी बदलून घेतली असती. त्यात दहाला नळाला धो धो पाणी आलं आणि ते वर चढवायला मोटर चालेना.

त्या दिवशी बसल्या बसल्या नातीची डिक्शनरी चाळली. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडाचा धागा काढतात, त्यावरून 'लिनिया' आणि पुढे 'लाइन'. लिनन कापड त्याच घरातलं, आणि शिंपी आतून लावतो ते लायनिंगही, कारण पूर्वी अस्तर लिननचं असायचं. म्हणजे ही लाइन मुळात सूत! आधी सूत आणि दोरी, मग दोरी ताणून मारलेली रेघ, मग रेघेत उभी राहिलेली माणसं, आणि रेघेसारखे लांब गेलेले रूळ, तारा, नळ. आपलं 'सूत्र'ही असंच दोऱ्यापासून निघून पार गणितात जाऊन बसलंय. गवंडी 'लाइनदोरी' म्हणतो. अर्थ बघितला तर दोरीदोरी झालं, पण भिंत सुतात येते ना!

आणि जवस तर आमच्या ताटातलं. आई त्याला 'अविसे' म्हणायची, शेजारच्या काकू 'अगसी' म्हणतात. लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी दोन्ही घरी तीच, कडक भाकरीबरोबर. सुतावर जगणाऱ्या गावाने या शब्दाला परका का म्हणायचं?

राहता राहिली आपल्या वर्तमानपत्राची 'वाहिनी'. 'मुख्य वाहिनीच्या दुरुस्तीमुळे पुरवठा बंद' अशी बातमी मध्यंतरी आपण छापली होती. आमच्या सौभाग्यवतींना वाटलं संध्याकाळची मालिका दिसणार नाही. तेव्हा शब्द मराठी घेतला म्हणून घोळ मिटतो असंही नाही. नळाला पाणी येणार नसेल तर तसं लिहा, लाइट जाणार असेल तर लाइट जाणार लिहा, आणि शक्य झालं तर आदल्या दिवशीच्या अंकात, म्हणजे बायांना घरी निरोप धाडता येतो.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
साखर पेठ, सोलापूर