माका आवडना नाय

वेंगुर्ले,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय आग्नेल,

नाताळापासून तुला एक ओळ नाही. शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे. आई बरी आहे, माझी कंबर आहे तशीच.

तू पाठवलेली चॉकलेटची अंडी पोचली. भानगड तिथूनच सुरू झाली.

यंदा गुरुवारी हनुमान जयंती, रविवारी ईस्टर. वाडीतल्या पोरांना चार दिवस नुसता ऊत. शनिवारी मावशी चर्चमध्ये रात्रीच्या मिसाला गेली आणि इकडे मनू झोपेना, म्हणून तिला मोबाइलवर 'इट्स द ईस्टर बीगल, चार्ली ब्राउन' लावून दिलं. १९७४ चं कार्टून, आपल्याहूनही म्हातारं. त्यातली मार्सी रंगवायची अंडी आधी तळते, मग वॉफलच्या साच्यात घालते, शेवटी फोडून सूप करते. आई म्हणाली, "मगे सांबारां करूचां सोडून रंगवतत कित्याक?" मार्सी मीठ लावून अंडं कवचासकट चावते तेव्हा मनू लोळायची बाकी होती. पण स्नूपी सगळ्यांना अंडी वाटत येतो आणि चार्ली ब्राउनपाशी टोपली रिकामी होते, तिथे गप्पच झाली. "बाबा, तो मागत का नाही?"

(लूसीला स्नूपी तिचंच अंडं देतो. माझीच बॅट रंगवून मला वाढदिवसाला देणारा एक महाभाग आठवला. ते भांडण अजून मिटलेलं नाही.)

रविवारी मनूने कांद्याच्या सालींत अंडी उकडली. विटकरी रंग छान चढला. एक तडकलं, त्यातून पांढरा शेंडा बाहेर आला, तेच तिचं लाडकं. ताट घेऊन मावशीच्या खळ्यात गेलो. मावशी तुझी चॉकलेटं वाटत होती. अंडी अकरा, पोरं बारा. मनू ताट धरून शेवटी उभी. हात अर्धा पुढे आला, मग झग्यामागे गेला. "माका आवडना नाय."

अरे, शब्द माझे, सूरसुद्धा माझा! चौथीतला नाताळ आठव. माझ्यापर्यंत येईतो नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, संपल्या आणि मी हेच बोललो. तेव्हापासून मावशी मला नेवरी देत नाही. तीस वर्षं! दर नाताळाला ताट येतं, त्यात केक, दोदोल, कुलकुल, नेवरी नाही. आणि तू सगळं ठाऊक असून माझ्यासमोर दोन-दोन हाणायचास.

घरी विचारलं तर मनू म्हणते, "मागितलं असतं तर मावशीआजीला वाईट वाटलं असतं." बायको म्हणते, किती समजूतदार पोर. माझ्या पोटात मात्र गोळा आला. हा समजूतदारपणा माणसाला कुठे नेऊन ठेवतो ते शिरोड्याच्या जागेच्या वेळी तू बघितलं आहेस. आणि मी तरी काय केलं? खळ्यात खांबाला टेकून उभा राहिलो, तोंडातून अक्षर नाही. तू असतास तर ओरडला असतास, आणि मी तुझ्यावरच चिडलो असतो.

मस्कतची नवी नोकरी कशी आहे? ब्रेंडाच्या हाताचं प्लास्टर निघालं का? सविस्तर कळव.

काल मावशीने केक पाठवला, वर निरोप: "चेडवाक चॉकलेट आवडना नाय मां, म्हणान साधो केलंय." झाली नोंद! आता रविवारी तिला फोन करशील तेव्हा मनूचं तेवढं सांग. मी सांगायला गेलो तर काहीतरी भलतंच बोलून येईन.

नेवरीचंही सांगितलंस तर माझी हरकत नाही.

तुझा,
बाळू